स्टेपनी नसलेल्या गाडीत स्टेपनी: चाक मिळाल्यानंतरही उरणाऱ्या अडचणी

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात आणि टिपेश्वर अभयारण्याच्या कडेच्या गावांत मी पशुवैद्यक म्हणून फिरतो. गाय अडली किंवा बैलाचे पोट फुगले की निरोप येतो, आणि तो दिवसा येईल की रात्री, याचा काही भरवसा नसतो. अडीच वर्षांपूर्वी मी विजेवर चालणारी एक छोटी गाडी घेतली. रोजचा सत्तर-ऐंशी किलोमीटरचा फेरा घरच्या चार्जिंगवर भागतो, त्यामुळे तो निर्णय चुकला असे मला आजही वाटत नाही. मात्र या गाडीसोबत स्टेपनी मिळत नाही आणि डिकीच्या तळाशी चाकासाठी खड्डाही नाही; तेथे फोमच्या कप्प्यात पंक्चर बुजवणाऱ्या द्रवाची एक बाटली आणि एक छोटा कॉम्प्रेसर आहे. पहिल्याच वर्षात चार वेळा टायर बसला. त्यांपैकी दोनदा या संचाने काम भागले आणि दोनदा भागले नाही. न भागलेल्या त्या दोन वेळांमुळे मी डिकीत चाक ठेवू लागलो, आणि चाक ठेवल्यामुळे नव्या अडचणींची जी मालिका सुरू झाली ती एकेक करून सोडवायला मला जवळपास वर्ष लागले. त्याच खटाटोपाची ही नोंद आहे.

स्टेपनी न देणे हा विक्रेत्याचा लबाडपणा आहे असे आपल्याकडे अनेकांना वाटते. मलाही सुरुवातीला तसेच वाटले होते. वस्तुतः केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीत ट्यूबलेस टायर, टायरमधील हवेच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असेल, तर अतिरिक्त चाक देणे बंधनकारक राहिलेले नाही. वाचलेली जागा विजेच्या गाड्यांत मोठ्या बॅटरीसाठी वापरता येईल, हेही त्या बदलामागचे एक कारण होते. डांबरी रस्त्यावर, दहा-वीस किलोमीटरवर पंक्चरचे दुकान असलेल्या मुलखात हा विचार चुकीचा नाही. पांदण रस्त्यावर तो तोकडा पडतो, आणि का पडतो हे नीट समजून घेतले तरच चाक बाळगण्याचा त्रास घ्यायचा की नाही हे ठरवता येते.

संचातील द्रव टायरच्या आत फिरून भोकापाशी गोठतो. हे भोक टायरच्या जमिनीवर टेकणाऱ्या पट्ट्यात असावे लागते आणि त्याची रुंदी साधारण चार ते सहा मिलिमीटरपेक्षा जास्त असून चालत नाही. बाभळीचा काटा, बैलाच्या नालेचा निघालेला खिळा, बंडीच्या धावेतून उडालेला तुकडा ही सगळी दुखणी त्यात बसतात. परंतु आपल्या भागात टायर फाटतो तो बहुधा बाजूच्या भिंतीत. तूर कापून नेल्यावर उरलेले खुंट, पऱ्हाटीची तिरपी कापलेली धसकटे, नव्या रस्त्यावर पसरून महिनोन्महिने दाबायची राहिलेली गिट्टी यांची धार टायरला खालून लागत नाही, बाजूने लागते. रेडियल टायरमध्ये पोलादी तारांचा पट्टा असतो तो टेकणाऱ्या भागाखाली. बाजूच्या भिंतीत केवळ धाग्यांचे थर असतात आणि ती चालताना सतत वाकत असते. त्यामुळे तेथील चीर द्रवाने बुजत नाही आणि रबरी दोरी खोचूनही टिकत नाही. असा टायर बदलावाच लागतो. तो मापाप्रमाणे यवतमाळहून मागवेपर्यंत एक-दोन दिवस सहज जातात. टिपेश्वरच्या कडेने रात्री अकरा वाजता गाडीबाहेर उभे राहून कोणाची तरी वाट पाहणे शहाणपणाचे नाही, हे येथील माणसाला वेगळे सांगायला नको. तेथे वाघ आहेत.

जाता जाता एक गंमत सांगण्यासारखी आहे. आपण ज्याला स्टेपनी म्हणतो तो शब्द वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. सुरुवातीच्या मोटारी अतिरिक्त चाकाशिवायच मिळत असत, आणि त्यावर उपाय म्हणून १९०४ च्या सुमारास तेथील थॉमस मॉरिस डेव्हिस यांनी हवा भरलेला टायर चढवलेली, आऱ्या नसलेली एक धाव तयार केली, जी बसलेल्या चाकाच्या बाजूला चिमट्यांनी अडकवायची. थोडक्यात, स्टेपनीचा जन्मच तिच्यासाठी जागा नसलेल्या गाड्यांसाठी झाला.

पहिली फजिती

माझ्याच मॉडेलच्या खालच्या प्रकारात लोखंडी रिम येते, एवढे ऐकून मी एक लोखंडी रिम मिळवली, तिच्यावर टायर चढवून घेतला आणि चाक डिकीत टाकून निश्चिंत झालो. मागच्या श्रावणात एका पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, परतताना पुढचा डावा टायर गिट्टीने बाजूला चिरला. पोडावरची चार माणसे टॉर्च घेऊन धावून आली आणि शेजारच्या गावचा पंक्चरवाला मोटरसायकलवर जॅक बांधून आला. त्याने जुने चाक काढले, नवे चढवले, नट घट्ट केले आणि चाक दोन्ही हातांनी हलवून पाहिले. चाक डुगडुगत होते. नट आणखी आवळले, तरी तेच. शेवटी त्याने एक नट तळहातावर घेतला, मला दाखवला आणि म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हे नट याले नाही चालत."

त्याचे म्हणणे खरे होते. माझ्या अलॉय चाकांचे नट नळीसारख्या लांब मानेचे आहेत. ती मान अलॉयच्या जाड भोकात आत शिरते आणि वरचे वायसर रिमवर दाबते. लोखंडी रिमचा पत्रा पातळ असतो आणि तिच्या भोकाची कड शंकूच्या आकाराची दाबलेली असते. तिला शंकूच्या तोंडाचेच नट लागतात; तेच तिला बरोबर मध्यावर धरून ठेवतात. लांब मानेचा नट तेथे आवळला, तर मान आधीच आत टेकते, हाताला नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि चाक मात्र सैलच राहते. त्या रात्री गाडी पोडावरच्या माणसांच्या भरवशावर सोडून मी मोटरसायकलच्या मागे बसून घरी आलो. डिकीत सतरा किलोचे चाक होते आणि ते बसवायला मूठभर नट नव्हते.

म्हणून ज्यांना हा उद्योग करायचा आहे त्यांना माझे पहिले सांगणे असे की, स्टेपनी म्हणजे चाक, त्याचे नट, गाडीच्या मापाचा जॅक, पाना आणि बांधण्याचे पट्टे असा एकत्र संच होय. यांतील एकही वस्तू नसेल तर बाकीच्यांचे ओझे व्यर्थ आहे. ज्या गाडीत मूळचीच स्टेपनी नसते, तिच्यात जॅक आणि पानाही बहुधा नसतो, आणि हे टायर बसेपर्यंत लक्षात येत नाही.

चाक निवडताना

चाकाचे माप टायरच्या भिंतीवरच लिहिलेले असते. माझ्या गाडीला १९५/६० आर १६ हे टायर आहेत. यातील पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा भिंतीच्या उंचीचा, रुंदीच्या टक्क्यांत. तिसरा रिमचा, इंचांत. १९५ चे ६० टक्के म्हणजे ११७ मिलिमीटर. भिंत वर-खाली दोन्हीकडे असते म्हणून २३४. १६ इंची रिमचे ४०६.४, एकूण व्यास ६४०.४ मिलिमीटर. खालच्या प्रकाराला येणारे १९५/६५ आर १५ हे चाक असेच मोजले, तर ६३४.५ मिलिमीटर भरते. हा सुमारे एक टक्क्याचा फरक आहे आणि तेवढा चालतो. याउलट घरात पडून असलेले १८५/६५ आर १५ लावले तर व्यास ६२१.५ होतो, म्हणजे जवळपास तीन टक्के कमी. पुढच्या एका बाजूला असे लहान चाक असले की दोन चाके सतत वेगवेगळ्या गतीने फिरतात, त्याचा ताण डिफरन्शियलवर, म्हणजे वळताना दोन चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या भागावर, येतो आणि ब्रेकची संगणकीय यंत्रणाही गोंधळते. लहान चाक वापरण्यावाचून गत्यंतरच नसेल तर ते मागे लावावे आणि मागचे चांगले चाक पुढे आणावे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हे दुप्पट काम केलेलेच बरे.

व्यास जुळला म्हणजे चाक जुळले असे नाही. नटांची भोके ज्या वर्तुळावर असतात त्याच्या व्यासाला दुकानात पीसीडी म्हणतात. १०० मिलिमीटरचे आणि ९८ मिलिमीटरचे वर्तुळ डोळ्यांना सारखेच दिसते, चाक बसतेही, पण नट किंचित तिरपे आवळले जातात आणि पुढे सैल होतात. मधल्या भोकाचा व्यासही पाहावा लागतो: ते लहान असेल तर चाक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर ते बसते त्यावर, टेकतच नाही. रिम किती आत किंवा बाहेर बसते, म्हणजेच ऑफसेट, यात मोठा फरक पडला तर टायर आत सस्पेन्शनला घासतो. आणि १५ इंची रिम पुढच्या डिस्क ब्रेकच्या कॅलिपरला लागते की नाही, हे तर प्रत्यक्ष बसवून आणि हाताने फिरवूनच कळते. एवढी सगळी मापे भंगार बाजारात उभे राहून तपासणे कठीण असते. म्हणून आपल्याच मॉडेलच्या खालच्या प्रकाराची मूळ लोखंडी रिम सुट्या भागांच्या काउंटरवरून मागवणे हाच सरळ मार्ग आहे. हजार-दोन हजार रुपये जास्त जातात, पण प्रश्न मिटतो.

नट घेताना शंकूच्या तोंडाइतकीच आट्यांची मापेही पाहावीत. बारा मिलिमीटरच्या नटातही काही गाड्यांत आट्यांमधील अंतर १.५ मिलिमीटर असते, काहींत १.२५. चुकीचा नट दोन-तीन फेरे हाताने सहज फिरतो आणि मग अडतो. तेव्हा पान्याने जोर लावला की हबच्या बोल्टच्या आट्याच जातात आणि पाचशे रुपयांचे काम पाच हजारांवर जाते. मी नवे नट जुन्याच्या शेजारी धरून, आट्यांत आट्या अडकवून पाहिल्या. दोन्ही फटीशिवाय एकमेकांत बसले म्हणजे माप तेच. हे नट आता मी जाड कापडाच्या पिशवीत घालून थेट स्टेपनीच्या रिमला बांधून ठेवले आहेत, जेणेकरून चाक काढताना ते विसरणे शक्यच होणार नाही.

ठेवायचे कोठे आणि बांधायचे कसे

या एका प्रश्नावर मी सर्वाधिक वेळ घालवला आणि सर्वाधिक चुकाही केल्या. सुरुवातीला चाक मागच्या सीटसमोर पाय ठेवायच्या जागेत उभे केले. सीट आणि दार दोन्ही काळे झाले, आणि मागे बसणाऱ्याने पाय कोठे ठेवावेत हा प्रश्न उरला. मग छतावर कॅरिअर लावून पाहिले. छताची भारमर्यादा माझ्या पुस्तिकेत ५० किलो आहे, त्यामुळे वजनाची अडचण नव्हती. परंतु वाऱ्याला अडथळा होऊन एका चार्जमध्ये जाणारे अंतर लक्षात येण्याइतके घटले, शिवाय उन्हात टायर वाळतो आणि बाजाराच्या दिवशी चाकावर नजर ठेवावी लागते ते वेगळेच. जीपसारखे मागच्या दारावर लावून देतो असे एका गॅरेजवाल्याने सुचवले. त्याला मी नकार दिला, कारण या दाराच्या बिजागऱ्या आणि ते उचलून धरणारे गॅसचे दट्टे पत्र्याच्या दारापुरतेच आहेत. त्यावर सतरा किलो टांगले तर दार उघडे राहणार नाही आणि नंबर प्लेट झाकली जाईल ती वेगळी. गाडीखाली लावण्याचा तर विचारच नको. तेथे बॅटरी आहे.

राहिली डिकी. येथे माझी सर्वांत धोकादायक चूक झाली ती अशी की, चाक आडवे टाकून मी ते सुतळीने बांधले. आपल्याला वाटते की एवढे जड चाक कोठे जाणार? परंतु ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एखाद्या झाडाला धडकून जागीच थांबली, तर मोकळे चाक त्याच वेगाने पुढे जात राहते. ही टक्कर चौदा मीटर उंचीवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, सतरा किलोचे चाक खाली टाकल्यासारखी असते, आणि ते पडते ते मागच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या पाठीत. सुतळी तेथे काय करणार? लवचीक रबरी दोऱ्याही कामाच्या नाहीत. त्या धक्क्याने ताणल्या जातात.

आता मी चाक मागच्या सीटच्या पाठीला अगदी चिकटवून, डिकीच्या तळावर आडवे ठेवतो. चाक आणि सीट यांच्यात फट असेल तर तेवढ्या अंतरात चाकाला वेग मिळतो. फटच नसेल तर सीटची पाठ सुरुवातीपासूनच भार घेते. बांधायला दोन रॅचेट पट्टे आहेत, ट्रकवाले ताडपत्री आवळायला वापरतात त्याचीच लहान आवृत्ती. दोन्ही पट्टे रिमच्या मधल्या भोकातून घेऊन एकमेकांना छेद देतील असे डिकीतील चार लोखंडी कड्यांना अडकवले आहेत. ही कडी खरोखर गाडीच्या सांगाड्याला बोल्ट केलेली आहेत की केवळ प्लास्टिकच्या पॅनेलला आहेत, हे पॅनेल उचलून पाहून घ्यावे. माझ्या गाडीत दोन कडी खरी निघाली आणि दोन नुसती पिशव्या अडकवण्याची. तेव्हा त्या दोन बाजूंसाठी मी सीटच्या पाठीमागे असलेले, लहान मुलांची सीट बांधण्याचे हूक वापरले. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी मात्र ते हूक मुलासाठीच मोकळे ठेवावेत. रिमच्या कडेवर पट्टा घासून कापला जातो, म्हणून तेथे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आहे.

माझ्यापुरती आणखी एक अडचण होती. कृत्रिम रेतनासाठी मला द्रव नायट्रोजनचे पात्र सोबत न्यावे लागते. उणे १९६ अंशांचे ते पात्र पूर्वी डिकीत असे, आणि त्याच्या शेजारी सुटलेले चाक ही कल्पनाच नको. पात्र आता पुढच्या सीटमागे, पट्ट्याने उभे बांधलेले असते. त्याचे झाकण वायू कोंडू नये म्हणून सैल असते, त्यामुळे गाडीची काच दोन बोटे उघडी ठेवावी लागते, कारण नायट्रोजन बंद जागेतील प्राणवायूची जागा घेतो. ज्यांच्या गाडीत असे पात्र नसेल त्यांच्याकडे फवारणीचा पंप, औषधांच्या बाटल्या किंवा दुधाचे कॅन असतीलच. चाकासाठी जागा करताना या वस्तू कोठे जातील हे आधी ठरवावे, नाहीतर चार दिवसांनी चाकच घरी राहू लागते.

बांधल्यानंतरही आवाज येत राहिला, तर तो कोणता आहे हे ओळखता येते. ब्रेक दाबताच एकदाच धप्प असा आवाज आला, तर चाक पुढे सरकते आहे आणि पट्टे सैल झाले आहेत. नव्या पट्ट्याची वीण पहिल्या आठवड्यात ताणली जाते, म्हणून तो पुन्हा आवळावा लागतो. खड्ड्यांवरून जाताना खडखड येत असेल, तर तो चाकाचा आवाज नव्हे, रिमच्या खोबणीत टाकलेला जॅक आणि पाना वाजत असतात. ते पोत्यात गुंडाळले की थांबतो. आणि वळणावर बारीक कुरकुर येत असेल, तर टायर प्लास्टिकच्या पॅनेलला घासतो आहे. मध्ये एखादे जुने गोणपाट घालावे. या तिसऱ्या आवाजासाठी मी दोन दिवस सस्पेन्शन तपासण्यात घालवले होते.

गरजेच्या वेळी चाकच बसलेले

डिकीतील चाकाची हवा कोणी पाहत नाही, आणि टायर महिन्याला एक-दोन पीएसआय हवा आपोआप सोडत असतो. वर्षभराने त्यात किती उरेल याचा हिशेब करावा. मी त्यात चालू चाकांपेक्षा चार पीएसआय जास्त भरतो. रस्त्यावर जास्तीची हवा क्षणात सोडता येते, कमी असलेली मात्र संचातल्या छोट्या कॉम्प्रेसरने भरत बसावी लागते. वाल्वचे तोंड वर आणि हात पोहोचेल असे ठेवणे ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट आहे, पण ते खाली राहिले तर हवा तपासायला दर वेळी पट्टे सोडावे लागतात आणि मग माणूस तपासणे सोडून देतो. ऋतूंचाही विचार करावा. डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना ३६ भरलेली हवा मे महिन्यात ६० अंशांपर्यंत तापलेल्या डिकीत ४४ च्या आसपास दिसते. ती घाबरून काढली, तर हिवाळ्यात चाक कमी हवेचे राहते. दाब नेहमी सकाळच्या गारव्यात पाहावा.

टायरचे वयही याच उष्णतेत भरते. त्याच्या भिंतीवर चार आकड्यांची एक खूण असते: २३२३ म्हणजे २०२३ सालचा तेविसावा आठवडा. न वापरलेला टायर नवाच राहतो अशी समजूत आहे, पण रबर तापून तडकते आणि त्याला चालण्याची गरज लागत नाही. मी पाच वर्षांनंतर हा टायर चालू चाकांत फिरवून टाकणार आहे. द्रवाच्या बाटलीवरही मुदतीची तारीख असते. चाक घेतले म्हणून बाटली काढून टाकू नये, कारण काट्याच्या पंक्चरला तीच सोपी.

उचलताना

विजेच्या गाडीत दोन्ही बाजूंच्या दारांखालच्या उंबऱ्यांमध्ये जमिनीलगत बॅटरी असते. जॅक लावण्याच्या जागा पुस्तिकेत आणि उंबऱ्याखाली खुणेने दाखवलेल्या असतात, आणि त्याशिवाय कोठेही जॅक लावू नये. आपण हे जाणतो, पंक्चरवाला जाणतोच असे नाही. त्याचा चाकांचा जॅक तो सवयीने मध्यभागी सरकवतो. मी उंबऱ्याखाली चारही खुणांपाशी पांढऱ्या ऑइल पेंटचा पट्टा ओढला आहे, म्हणजे टॉर्चच्या उजेडातही बोट दाखवता येते. जॅक विकत घेताना तो किती उंच जातो हे सगळे पाहतात. तो किती खाली बसतो हे पाहिले पाहिजे, कारण टायर पूर्ण बसल्यावर गाडी तेवढी खाली आलेली असते आणि उंच जॅक उंबऱ्याखाली शिरतच नाही. पावसाळ्यात आपल्या काळ्या जमिनीत जॅक गाडी उचलण्याऐवजी स्वतःच खाली जातो. त्यासाठी फूटभर रुंद आणि दोन हात लांब अशी जाड फळी सोबत असावी. नट गाडी उचलण्यापूर्वी अर्धा फेरा सैल करावेत आणि तिरप्या कोनातील चाकाला दोन दगड लावावेत.

नट आवळण्याचे प्रमाण माझ्या पुस्तिकेत ११० न्यूटन मीटर आहे. हातभराहून लहान, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या पान्यावर ते सुमारे ३७ किलोच्या जोराइतके होते. पान्यावर उभे राहून आवळण्याची आपल्याकडे पद्धत आहे; ६५ किलोचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला की तो जोर १९० न्यूटन मीटरच्या वर जातो, बोल्ट ताणला जातो आणि पुढच्या वेळी तोच नट निघत नाही. हाताने, समोरासमोरच्या क्रमाने आवळावे आणि पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासावे. ही सगळी तालीम मी घरच्या अंगणात, दिवसाउजेडी, दोनदा केली. पहिल्यांदा पाऊण तास लागला.

चाक बदलल्यावर हवेच्या दाबाचा पिवळा दिवा लागतो, याची भीती बाळगू नये. मात्र तो काय सांगतो ते वाचावे. गाडी सुरू करताच मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहिला, तर बहुतेक गाड्यांत त्याचा अर्थ एका चाकाचा सेन्सर सापडत नाही असा असतो, कारण लोखंडी स्टेपनीत सेन्सर नाही. लगेच स्थिर लागला, तर कोठेतरी हवा कमी आहे. गमतीचा भाग असा की, डिकीत टाकलेल्या फाटक्या चाकातील सेन्सर कधी कधी तेथूनही संदेश पाठवत राहतो, त्यामुळे चारही चाके ठीक असताना गाडी पंक्चर झाल्याचे सांगते. ज्या गाड्यांत चाकांत सेन्सर नसून फिरण्याच्या गतीवरून अंदाज घेतला जातो, त्यांत चाक बदलल्यावर यंत्रणा पुन्हा नव्याने शिकवावी लागते. ती सोय पडद्यावरील यादीत असते. जोवर हा दिवा अडकलेला आहे तोवर दुसरे चाक हळूहळू बसले तरी तो वेगळे काही सांगणार नाही, म्हणून या काळात मी सकाळी चारही टायरना हात लावून निघतो आणि ताशी ८० च्या पुढे जात नाही.

काढलेले चाकही त्याच जागी बांधायचे असते, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. अनेक जण जागा वाचवण्यासाठी अरुंद तात्पुरते चाक घेतात. ते डिकीत छान बसते, पण चिखलाने माखलेले रुंद चाक त्या पट्ट्यांत मावत नाही आणि त्या चाकात ६० पीएसआय हवा लागते, जी गावच्या छोट्या पंपावर भरताना भरणारा हात आखडता घेतो. मी खताची दोन रिकामी पोती त्यासाठी घडी करून ठेवली आहेत.

एक अडचण मात्र अर्धवटच सुटली आहे. डिकीचा काठ उंच आहे, आणि सतरा किलोचे चाक वाकून आतून उचलून त्या काठावरून बाहेर काढणे माझ्या कमरेला झेपत असले तरी आमच्या सौभाग्यवतींना झेपत नाही. आठवड्यातून दोन दिवस शाळेसाठी त्याच गाडी नेतात. शेवटी उपाय त्यांनीच शोधला. जॅकखाली घालायची फळी त्या काठावर तिरपी टेकवतात, पट्टे सोडून चाक आतल्या आत उभे करतात आणि फळीवरून घरंगळत खाली सोडतात. उतरते ते व्यवस्थित. फाटलेले चाक त्याच फळीवरून वर चढवणे मात्र अजून कोणालाच जमलेले नाही, आणि तोवर ते मागच्या सीटवर पोत्यात गुंडाळून, सीटबेल्ट लावून येते.